गुरूचे चंद्र आणि केप्लरचा तिसरा नियम

योहानेस केप्लरने ग्रहगतीचे जे तीन नियम सांगितले ते सूर्यमालेच्या निरीक्षणातून निघाले. किंबहुना केवळ सहा ग्रहांच्या निरीक्षणातून निघाले, कारण त्याच्या काळी बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू आणि शनी एवढेच ग्रह ज्ञात होते. पहिले दोन नियम १६०९ साली ‘आस्त्रोनोमिया नोव्हा’ या ग्रंथात प्रसिद्ध झाले; तिसरा १५ मे १६१८ रोजी त्याच्या हाती लागला आणि पुढील वर्षी ‘हार्मोनिकेस मुंडी’ या ग्रंथात छापला गेला. उदाहरणे सहा, आणि तीही एकाच कुटुंबातली. एवढ्या सामग्रीवरून काढलेल्या विधानास नियम म्हणावे की त्या कुटुंबाचे वैशिष्ट्य म्हणावे, ही शंका रास्त आहे. एकाच बोलीच्या नमुन्यांवरून भाषामात्राविषयी सिद्धान्त मांडणाऱ्यास जो प्रश्न विचारला जातो तोच हा प्रश्न होय. त्याचे उत्तर सूर्याच्या ग्रहांकडून मिळणे शक्य नव्हते. ते गुरूच्या चार चंद्रांकडून मिळाले. मात्र हे चंद्र तिन्ही नियमांविषयी सारखीच साक्ष देतात, असे जे पाठ्यपुस्तकांतून पुष्कळदा सुचविले जाते, ते बरोबर नाही. त्यांची खरी साक्ष तिसऱ्या नियमापुरती आहे.

प्रथम नियमांचे स्वरूप थोडक्यात पाहणे इष्ट होईल. ग्रहाची कक्षा वर्तुळ नसून लंबवर्तुळ असते आणि सूर्य त्या लंबवर्तुळाच्या एका नाभीशी असतो, हा पहिला नियम. सूर्य व ग्रह यांना जोडणारी रेषा समान काळात समान क्षेत्रफळ आक्रमिते, म्हणजेच ग्रह सूर्याजवळ असता वेगाने आणि दूर असता मंद गतीने चालतो, हा दुसरा. हे दोन्ही नियम एकेका ग्रहाला स्वतंत्रपणे लागू करता येतात. केप्लरला ते मुख्यतः एकट्या मंगळाच्या वेधांवरून गवसले. तिसऱ्याची जात निराळी आहे. प्रदक्षिणाकालाचा वर्ग आणि सरासरी अंतराचा घन यांचे गुणोत्तर सर्व ग्रहांच्या बाबतीत एकच असते, असे तो सांगतो. म्हणजे तो एका ग्रहाविषयी काहीच सांगत नाही. निरनिराळ्या ग्रहांमधील संबंध सांगतो. म्हणून त्याच्या परीक्षेस एकाच केंद्राभोवती फिरणारे निदान दोन पिंड हवेत. पृथ्वीला चंद्र एकच. तेव्हा सतराव्या शतकातील ज्योतिर्विदाला आपल्या घरच्या चंद्रावरून या नियमाची पडताळणी करणे अशक्य होते.

७ जानेवारी १६१० रोजी पादुआ येथे गॅलिलिओला गुरूच्या निकट तीन लहान तारे एका रेषेत दिसले. दोन पूर्वेस, एक पश्चिमेस. दुसऱ्या रात्री तिन्ही पश्चिमेस होते. १० तारखेस दोनच दिसले, आणि तेही पूर्वेस. १३ तारखेस चार दिसले. हे तारे नसून गुरूभोवती फिरणारे पिंड आहेत, असा निष्कर्ष त्याने मार्च महिन्यातच ‘सिदेरेउस नुनकिउस’ या पुस्तिकेत जाहीर केला, आणि १६१२ साली त्यांचे प्रदक्षिणाकालही दिले. आज प्रचारात असलेली आयो, युरोपा, गॅनिमीड व कॅलिस्टो ही नावे मात्र त्याची नव्हेत. ती झिमोन मारिउसने आपल्या १६१४ च्या ग्रंथात दिली, आणि ती सुचविणारा केप्लर होता असे मारिउस स्वतःच नमूद करतो.

या पिंडांना काय म्हणावे, याविषयी त्या काळी एकमत नव्हते, आणि हा प्रश्न केवळ नामकरणाचा नव्हता. गॅलिलिओ त्यांना कधी तारे म्हणतो, कधी ग्रह म्हणतो. न्यूटनही पुढे त्यांचा उल्लेख ‘गुरूभोवतीचे ग्रह’ असाच करतो. अंगरक्षक किंवा सेवक या अर्थाचा लॅटिन शब्द ‘सातेलेस’ त्यांना प्रथम लावला तो केप्लरने, आणि युरोपीय भाषांत आज रूढ असलेला शब्द त्यातूनच आला. ‘ग्रह’ म्हटले की ग्रहांचा नियम त्यांना लागू असावा अशी अपेक्षा आपोआप निर्माण होते. ‘सेवक’ म्हटले की होत नाही. मराठीतील ‘उपग्रह’ या शब्दाने दोन्ही छटा साधल्या आहेत. (वाक्यपदीयाच्या तिसऱ्या कांडातील ‘उपग्रहसमुद्देश’ वाचणाऱ्या विद्यार्थ्याने मात्र सावध असावे, तेथे उपग्रह म्हणजे आत्मनेपद-परस्मैपदाचा विचार होय, त्याचा आकाशाशी संबंध नाही.)

केप्लरने स्वतःच आपला तिसरा नियम या चार चंद्रांना लावून पाहिला. ‘एपितोमे आस्त्रोनोमिए कोपेर्निकाने’ या ग्रंथाचा चौथा भाग १६२० साली प्रसिद्ध झाला. त्यात मारिउसने दिलेली अंतरे व काल घेऊन त्याने प्रमाण जुळत असल्याचे दाखविले. अंतरे स्थूल होती, म्हणून जुळणीही स्थूलच होती. तरी या कृतीचे महत्त्व मोठे आहे. ज्या सामग्रीवरून नियम काढला त्या सामग्रीबाहेर त्याची पहिली परीक्षा झाली ती येथे. गॅलिलिओने मात्र असा प्रयत्न केला नाही; ग्रहांच्या लंबवर्तुळाकार कक्षाच त्याने कधी मान्य केल्या नाहीत. चंद्र ज्याने शोधले त्याला नियम नको होता आणि नियम ज्याने शोधला त्याच्याजवळ चांगले वेध नव्हते, असा हा विचित्र योग होता.

आजच्या मापांनी हीच परीक्षा कोणासही करता येईल. अंतरे लक्ष किलोमीटरांत आणि काल दिवसांत घेतले म्हणजे आकडे आटोपशीर होतात. आयोचे गुरूच्या केंद्रापासूनचे सरासरी अंतर ४.२१८ लक्ष किलोमीटर आणि प्रदक्षिणाकाल १.७६९ दिवस. अंतराच्या घनास कालाच्या वर्गाने भागले असता २३.९८ हा अंक येतो. युरोपाचे अंतर ६.७११ व काल ३.५५१, भागाकार २३.९७. गॅनिमीडचे अंतर १०.७०४ व काल ७.१५५; भागाकार २३.९६. कॅलिस्टोचे अंतर १८.८२७ व काल १६.६८९, भागाकार पुन्हा २३.९६. आयोपेक्षा कॅलिस्टो सुमारे साडेचार पट दूर आहे आणि प्रदक्षिणेस तिला जवळजवळ साडेनऊ पट वेळ लागतो. तरीही दोघांचा अंक एक हजारांश भागाइतकासुद्धा भिन्न नाही. उरलेला जो अत्यल्प फरक आहे त्याचा विचार पुढे येईल, कारण तोही निरर्थक नाही.

आता हाच भागाकार सूर्य व पृथ्वी यांच्यासाठी केला तर काय येते? अंतर १,४९६ लक्ष किलोमीटर, काल ३६५.२५६ दिवस, भागाकार सुमारे २५,१००. नियमाचा आकार तोच राहिला, पण स्थिरांक बदलला. केप्लरच्या मूळ विधानात ही शक्यता दिसत नाही, कारण त्याच्यापुढे केंद्र एकच होते. गुरूच्या चंद्रांनी नियमाला दुजोरा दिला एवढेच नव्हे, तर त्यात एक दडलेले पद आहे हेही उघड केले. प्रत्येक केंद्राला स्वतःचा अंक असतो. हा अंक कशाचा निदर्शक आहे, हे न्यूटनने सांगितले.

त्याचा युक्तिवाद वर्तुळाकार कक्षेपुरता अगदी सोपा आहे. वर्तुळात फिरणाऱ्या पिंडाला आत वळविण्यासाठी लागणारा प्रवेग, वेगाच्या वर्गास त्रिज्येने भागून मिळतो. वेग म्हणजे परिघ भागिले काल. तेव्हा प्रवेग हा त्रिज्या भागिले कालाचा वर्ग, या प्रमाणात असतो. आता कालाचा वर्ग जर त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात असेल, तर प्रवेग त्रिज्येच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असला पाहिजे. म्हणजे गुरूकडून जी ओढ या चार चंद्रांवर पडते ती अंतराच्या वर्गानुसार कमी होत जाते, हे केवळ घड्याळ आणि मोजपट्टी यांच्या साहाय्याने सिद्ध होते. १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’मधील तिसऱ्या ग्रंथात गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धतेची पहिली पायरी सूर्याचे ग्रह ही नसून गुरूचे चंद्र ही आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. दुसऱ्या आवृत्तीत, १७१३ साली, त्याने शनीच्या चंद्रांचाही स्वतंत्र आधार जोडला. तोवर हॉयगेन्सने एक आणि कासिनीने चार असे शनीचे पाच चंद्र ज्ञात झाले होते.

हा स्थिरांक केंद्रस्थ पिंडाच्या वस्तुमानाच्या प्रमाणात असतो. अधिक काटेकोरपणे बोलायचे तर केंद्र व उपग्रह या दोघांच्या वस्तुमानांच्या बेरजेच्या प्रमाणात असतो. परंतु उपग्रह लहान असेल तर त्याचा वाटा नगण्य ठरतो. म्हणून २५,१०० ला २३.९६ ने भागले की सूर्य गुरूच्या सुमारे १,०४७ पट जड आहे हे कळते. आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत न्यूटनने हाच आकडा १,०६७ दिला होता. त्याची चूक दोन टक्क्यांहून अधिक नव्हती. पृथ्वीच्या बाबतीत मात्र त्याचा आकडा जवळजवळ निम्म्याने चुकला. सूर्य पृथ्वीच्या १,६९,२८२ पट जड आहे असे त्याने काढले. प्रत्यक्ष प्रमाण सुमारे ३,३३,००० आहे. कारण असे की, गुरूच्या चंद्रांची अंतरे आणि गुरूचे सूर्यापासूनचे अंतर ही दोन्ही सूर्य-पृथ्वी अंतराच्या पटीत मोजता येतात, त्यामुळे ते अंतर प्रत्यक्ष किती हे ठाऊक नसले तरी अडत नाही. उलट आपल्या चंद्राचे अंतर पृथ्वीच्या त्रिज्येत मोजले जाते. ते सूर्याच्या अंतराशी जुळविण्यास सूर्याचे खरे अंतर कळणे आवश्यक होते, आणि ते न्यूटनच्या काळी नीट माहीत नव्हते. दूरचा गुरू अचूक तोलला गेला आणि पायाखालची पृथ्वी तोलताना चूक झाली.

पृथ्वीच्या बाबतीत ‘निदान दोन पिंड हवेत’ ही अडचण १९५७ पासून, कृत्रिम उपग्रहांमुळे, नाहीशी झाली आहे. विषुववृत्ताच्या एकाच बिंदूवर स्थिर भासणारे भूस्थिर उपग्रह पृथ्वीच्या केंद्रापासून ४२,१६४ किलोमीटरांवर असतात आणि २३ तास ५६ मिनिटांत एक फेरी पुरी करतात. वरील मापात त्यांचा अंक ०.०७५४ येतो. चंद्राचा अंक, ३.८४४ लक्ष किलोमीटर व २७.३२ दिवस यांवरून, ०.०७६१ येतो. फरक सुमारे एक टक्का. आणि त्याचे मुख्य कारण हे की चंद्र नगण्य नाही. त्याचे वस्तुमान पृथ्वीच्या १/८१ आहे आणि बेरजेत ते दिसून येते. गुरूच्या २३.९६ ला ०.०७५४ ने भागले असता गुरू पृथ्वीच्या सुमारे ३१८ पट जड ठरतो.

एवढी साक्ष तिसऱ्या नियमाची झाली. पहिल्या दोन नियमांविषयी हेच चार चंद्र जवळजवळ मूक आहेत. त्यांच्या कक्षा इतक्या वर्तुळाकार आहेत की लंबवर्तुळाचा लांबटपणा दर्शविणारी विमध्यता युरोपाच्या बाबतीतसुद्धा ०.०१ पेक्षा कमी भरते, आणि गॅनिमीडच्या बाबतीत ती जेमतेम ०.००१ आहे. वर्तुळातील एकसमान गतीत समान काळात समान क्षेत्रफळ आक्रमिले जाणारच. न्यूटननेही त्यांच्या क्षेत्रफळाचा नियम याच आधारावर मांडला आहे. ही साक्ष खोटी नाही, परंतु तिच्याने वर्तुळवादी आणि लंबवर्तुळवादी यांच्यातील वाद मिटला नसता. त्या कामी आपला चंद्र अधिक उपयोगी आहे. त्याची विमध्यता सुमारे ०.०५५; तो पृथ्वीपासून सरासरीने ३.६३ लक्ष ते ४.०५ लक्ष किलोमीटर या मर्यादेत ये-जा करतो, आणि त्याचा वेग सेकंदास सुमारे १.०८ किलोमीटरांवरून ०.९७ पर्यंत उतरतो. चंद्राची ही विषम गती प्राचीन ज्योतिषातही ज्ञात होती आणि तिच्यासाठी मंदफलाचा संस्कार सांगितला जात असे. याहून ठळक उदाहरण नेपच्यूनच्या नेरीड या उपग्रहाचे आहे. १९४९ साली कायपरने शोधलेल्या या उपग्रहाची विमध्यता ०.७५ आहे, त्यामुळे निकटतम बिंदूशी त्याचा वेग दूरतम बिंदूशी असलेल्या वेगाच्या सात पट असतो. क्षेत्रफळाचा नियम शिकविण्यास याच्याइतका चांगला पिंड क्वचितच सापडेल.

नियमाच्या इतिहासात अनुकूल उदाहरणांइतकेच महत्त्व अपवादांना असते. ग्रिमच्या ध्वनिनियमाला जे अपवाद दिसत होते ते १८७७ साली व्हेर्नरने मूळ स्वराघाताच्या स्थानावरून उलगडले. संस्कृत ‘पितृ’ आणि ‘भ्रातृ’ यांतील त-कार एकच असूनही जर्मानिक भाषांत त्यांची वाट वेगळी का झाली, हे त्यामुळे समजले आणि मूळ नियम दुबळा होण्याऐवजी बळकट झाला. गुरूच्या चंद्रांच्या बाबतीत असे तीन वेळा घडले आहे.

पहिला अपवाद वेळेचा. आयो साडेबेचाळीस तासांनी एकदा गुरूच्या छायेत शिरते. या ग्रहणांचे वेळापत्रक कासिनीने तयार केले होते. परंतु पृथ्वी गुरूपासून दूर जाऊ लागली की ग्रहणे उशिरा होऊ लागत, आणि जवळ येऊ लागली की लवकर. ऑले रोमरने १६७६ साली असे प्रतिपादन केले की आयोच्या गतीत काहीही दोष नाही. प्रकाशाला पृथ्वीपर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो, एवढेच. येत्या ९ नोव्हेंबरचे ग्रहण दहा मिनिटे उशिरा दिसेल असे त्याने आगाऊ सांगितले आणि तसे घडले. पृथ्वीच्या कक्षेचा व्यास ओलांडण्यास प्रकाशाला २२ मिनिटे लागतात, हा त्याचा अंदाज बराच अधिक होता. खरा काल साडेसोळा मिनिटांहून किंचित जास्त आहे. परंतु प्रकाशाला वेग आहे, हे प्रथम अशा रीतीने सिद्ध झाले.

दुसरा अपवाद म्हणजे वर राखून ठेवलेला तो अत्यल्प फरक. गुरूजवळच्या आयोचा अंक सर्वांत मोठा आहे आणि दूर जावे तसा तो २३.९६ वर स्थिरावतो. गुरू जर निर्दोष गोल असता तर असे झाले नसते. तो दहा तासांहूनही कमी वेळात स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे विषुववृत्ताशी फुगलेला आहे. आणि या फुगवट्याची जादा ओढ जवळच्या चंद्रास अधिक जाणवते. हिशेब केला असता आयोच्या अंकात सुमारे ०.०१५ ची वाढ अपेक्षित ठरते, आणि जवळजवळ तेवढीच ती आढळते.

तिसरा अपवाद सर्वांत रम्य आहे. पहिल्या तीन चंद्रांचे काल जवळजवळ १:२:४ या प्रमाणात आहेत. दररोजच्या गतीचे अंश घेतले तर आयोचे २०३.४८९, युरोपाचे १०१.३७५ आणि गॅनिमीडचे ५०.३१८, आयोच्या गतीत गॅनिमीडची दुप्पट गती मिळविली की युरोपाची तिप्पट गती तंतोतंत येते. हा योगायोग नसून त्या तिघांच्या परस्पर आकर्षणाचा परिणाम आहे, हे लाप्लासने दाखविले. या बंधनामुळे आयोची कक्षा पूर्ण वर्तुळ होऊच शकत नाही. तिची विमध्यता ०.००४ च्या आसपास कायम राहते. एवढ्याशा लंबवर्तुळत्वाने काय होणार, असे वाटेल. परंतु त्यामुळे गुरूची भरतीजनक ओढ आयोवर सतत कमीजास्त होते आणि तिचे अंतरंग घुसळून तापते. २ मार्च १९७९ रोजी पील, कॅसन व रेनल्ड्स यांनी हे गणित प्रसिद्ध केले. तीनच दिवसांनी व्हॉयेजर १ हे यान गुरूजवळून गेले, आणि त्याने पाठविलेल्या छायाचित्रांत आयोवरील जागृत ज्वालामुखी दिसले. पहिल्या नियमाविषयी मूक वाटणाऱ्या चंद्राने तो असा उच्चारला.

लाप्लासच्या या संबंधाचा एक धागा मराठी ज्योतिर्विद्येपर्यंत येतो. ‘ज्योतिर्गणित’कार वेंकटेश बापूजी केतकर यांनी मे १९११ मध्ये फ्रान्सच्या ज्योतिष परिषदेच्या पत्रिकेत एक टिपण प्रसिद्ध केले. गुरूच्या तीन चंद्रांमध्ये जसा संबंध आहे तसाच तो बाहेरच्या ग्रहांमध्येही असावा असे मानून त्यांनी नेपच्यूनपलीकडे दोन ग्रहांचे भाकीत केले आणि त्यांना ब्रह्मा व विष्णू अशी नावे दिली. ब्रह्म्याचे सूर्यापासूनचे अंतर पृथ्वीच्या अंतराच्या ३८.९५ पट आणि प्रदक्षिणाकाल २४२.२८ वर्षे असा त्यांचा हिशेब होता. १९३० साली प्लूटो सापडला. त्याचे सरासरी अंतर ३९.५ पट आणि काल २४८ वर्षे आहे. हे साम्य पाहून अभिमान वाटणे स्वाभाविक आहे, आणि केतकरांचे धाडस निःसंशय मोठे होते. परंतु या साम्याला सिद्धी म्हणता येणार नाही. केप्लरचा नियम ग्रहांकडून चंद्रांकडे गेला तेव्हा चारही ठिकाणी टिकला आणि त्याच्यामागे कारण सापडले. लाप्लासचा संबंध चंद्रांकडून ग्रहांकडे नेताना तसे कारण दाखविता आले नाही. विष्णू सांगितल्या जागी सापडला नाही. आणि प्लूटोचे नेपच्यूनशी जे खरे नाते आहे, दोन फेऱ्यांस तीन फेऱ्या असे, ते दोघांतलेच आहे, तिघांतले नाही.

प्लूटोचा शेवटचा निर्णयही एका चंद्रानेच दिला. त्याचे वस्तुमान कित्येक वर्षे केवळ तर्काने सांगितले जात होते आणि आरंभी ते पृथ्वीच्या बरोबरीचे धरले जाई. १९७८ साली जेम्स क्रिस्टीने प्लूटोचा शॅरन हा उपग्रह शोधला. त्याचे अंतर सुमारे १९,६०० किलोमीटर आणि काल ६.३८७ दिवस. लक्ष किलोमीटर आणि दिवस यांच्या मापात भागाकार ०.०००१८५ येतो, म्हणजे प्लूटो आणि शॅरन मिळून पृथ्वीच्या सुमारे चारशेव्या हिश्शाइतकेच भरतात.